टाकू नका, लागेल

गिरगावातल्या चाळींमध्ये, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत वाढलेल्या आमच्या पिढीच्या कानांवर एक वाक्य पाळण्यात असल्यापासून पडत आलं: टाकू नका, लागेल. सुतळीचा तुकडा टाकू नका, लागेल. इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच टाकू नका, लागेल. झिजलेल्या स्लिपरचा तळ, वाळलेली रिफिल, सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, तुटका कंगवा, चष्म्याची काडी, बंद घड्याळाचे स्क्रू, छत्रीची तार. पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक होती आणि आजीच्या देखरेखीखाली हा ऐवज तिच्यात जमा होई. मोठ्यांना त्यातलं काय कधी लागत असे, देव जाणे. आम्हा भावंडांना मात्र ते सारं लागे, आणि लागे ते गाड्यांसाठी. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या, पंचविसाव्या नाहीतर बत्तिसाव्या हिश्श्याच्या, सुटे भाग जोडून घरी बनवायच्या प्लॅस्टिकच्या मोटारी आणि ट्रक.

आज साठीच्या आसपास असलेल्या कित्येकांना तो खोका आठवत असेल. झाकणावर धूळ उडवत निघालेल्या गाडीचं रंगीत चित्र. आत काडीएवढ्या जाडीच्या दांड्यांच्या चौकटी, आणि त्या दांड्यांना लटकलेले भाग: दरवाजे, बंपर, सीटा, स्टिअरिंग, सायलेन्सर, चाकांच्या ताटल्या, अगदी वायपरसुद्धा. प्रत्येक भागाजवळ बारीक आकडा. एका वेगळ्या पुडीत काचा. काळे मऊ टायर. घडी घातलेला एक कागद, त्यावर शब्द थोडे आणि बाण फार. आणि नंबरप्लेटींची, पट्ट्यांची, पाण्यात भिजवून उतरवायची चित्रं.

हे खोके आमच्याकडे दुकानातून येत नसत. परदेशी वस्तूंवर जकात आणि बंदी असा तो काळ. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात एखादा दिसे, पण त्याची किंमत ऐकून अण्णा आमचा हात धरून पुढे चालू लागत. खोके येत ते माणसांबरोबर. कोकणातल्या घराघरांतला एखादा माणूस बोटीवर असे. आमचे मामा तसे होते. ते आले की बॅगेतून आईला नायलॉनची साडी निघे, आजीला दुलई, अण्णांना दाढीचा साबण, आणि सगळ्यांत खाली, कपड्यांत गुंडाळून, दबू नये म्हणून मोज्यांचा टेका दिलेला आमचा खोका. इंग्लंडच्या बंदरातून एअरफिक्स, जपानहून आले तर टामिया. दुसरी वाट डेट्रॉइटची. १९६५ नंतर अमेरिकेचे दरवाजे उघडले आणि मोटारींच्या त्या गावाकडे जे मराठी इंजिनियर गेले त्यांत आमचे धाकटे काका होते. त्यांच्याकडून यायच्या त्या एएमटीच्या गाड्या, पंचविसाव्या हिश्श्याच्या.

एअरफिक्सची कथा मामांनीच सांगितली होती आणि ती आमच्या घराला फार आवडे. निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरियन गृहस्थाने १९३९ साली लंडनमध्ये हवा भरायची रबरी खेळणी करायला ही कंपनी काढली. युद्धानंतर ती कंगवे बनवू लागली, आणि कंगवे करता करता १९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती झाली, ट्रॅक्टर विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून. तिथून पुढे सगळं. कंगव्याच्या कारखान्यातून ट्रॅक्टर निघाला हे ऐकल्यावर आजीने ट्रंकेतल्या तुटक्या कंगव्यांकडे विजयी नजरेने पाहिलं होतं. एएमटीचंही तसंच. त्यांचा धंदा मुळात मोटारींच्या शोरूममध्ये ठेवायच्या तयार प्रतिकृतींचा; नव्या सालच्या गाडीचे कंपनीचे खरे रंग त्या चिमुकल्या गाडीला असत. १९५८ साली त्यांनी सुट्या भागांचे संच काढले. एका खोक्यातून तीन तऱ्हेची गाडी करता येई: कारखान्यातून निघते तशी, घरी नटवलेली किंवा शर्यतीची. म्हणजे दोन तऱ्हांचे भाग उरणारच. ते कुठे जात हे सांगायला नकोच.

गाडी जोडायची ती रविवारी. पाट खिडकीखाली, पाटावर महाराष्ट्र टाइम्सचा जुना अंक, आणि गॅलरीचं दार उघडं, कारण डिंकाचा वास डोक्यात जाई. पहिलं काम आजीचं. साचातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकटपणा प्लॅस्टिकवर राहतो आणि मग रंग धरत नाही. आजी सोन्याच्या पाटल्या धुवायची तशा सगळ्या चौकटी रिठ्याच्या कोमट पाण्यात धुऊन काढी आणि पंचावर वाळत ठेवी. मग थोरला दादा दाढीच्या जुन्या ब्लेडने एकेक भाग कापून काढणार. तोडायचा नाही, कापायचा; तोडला तर टवका जातो. ताई नखांच्या कानशीने कडा घासणार. धाकट्यांनी आकडे वाचायचे आणि एकही भाग फरशीवर पडू द्यायचा नाही. पडलाच तर खोली झाडायची बंद. एकदा दाराची मूठ हरवली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस केरसुणी उचलली गेली नव्हती, आणि शेवटी ती मूठ सापडली काकूंच्या वेणीत.

त्या डिंकाला आम्ही डिंकच म्हणत असू, पण तो चिकटवत नसे, विरघळवत असे. दोन्ही कडा क्षणभर पातळ होतात, एकमेकींत मिसळतात आणि वाळल्यावर सांधा उरत नाही. म्हणून तो थेंबाने नाही, टाचणीच्या टोकाने लावायचा. बोटाला लागला आणि ते बोट टपावर टेकलं की ठसा कायमचा. आमच्या घरातल्या एका निळ्या गाडीच्या टपावर धाकट्या बहिणीचा अंगठा आजही स्पष्ट आहे आणि तो घासून काढायला कोणीही कधी तयार झालं नाही. काचांना मात्र हा डिंक चालत नाही, काच धुरकट होते. तिथे आमचा फेविकॉल. पांढरा लावायचा आणि वाळून स्वच्छ होईपर्यंत थांबायचं. इंग्लंड-अमेरिकेतले कसबी लोकही काचांना असाच पांढरा डिंक वापरतात हे पुढे कळलं तेव्हा अण्णांना फार बरं वाटलं, कारण ती युक्ती त्यांची.

डिंक वाळेपर्यंत दोन अर्धी एकत्र धरायला कपड्यांचे चिमटे आणि रबरबँड. सांध्यात फट राहिली तर लांबी घरचीच: रंगवाल्याकडून मागून आणलेला थिनर औषधाच्या बाटलीत, त्यात चौकटीच्या उरलेल्या दांड्यांचे तुकडे. रात्रभरात ते विरघळून खिरीसारखं दाट होई. काडीने फटीत भरायचं, वाळलं की पॉलिशपेपर. गाडीचं प्लॅस्टिक गाडीलाच लागलं. उरलेल्या दांडीचा दुसरा उपयोग याहून सुंदर. मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर दांडी फिरवत धरायची, मऊ झाली की दोन्ही टोकं अलगद ओढायची. केसाएवढी बारीक तार निघते. रेडिओची एरियल तिची, इंजिनाच्या वायरी तिच्याच. आईने एकदा ही करामत पाहिली आणि हातातलं लाटणं खाली ठेवून स्वतः दोन-तीन तारा ओढल्या. त्या आमच्या कुणाहीपेक्षा सरळ आल्या. तेव्हापासून तारा ओढणं आईकडे.

रंगांचं दुकान म्हणजे सगळं घर. दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटच्या डब्याच्या तळाशी उरलेला हिरवा. सायकलवाल्याकडचा काळा. ट्रंका रंगवणाऱ्याचा चंदेरी. मागच्या दिव्यांना आईच्या पातळ कुंकवाच्या बाटलीतलं लाल. त्या लालीची सर कोणत्याही रंगाला आली नाही. काचांच्या कडेची चकचकीत पट्टी करायला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, नखाने दाबून बसवलेला. बंपर आणि जाळी मुळातच आरशासारखी येत, पण त्या झिलईवर डिंक धरत नाही. जोडायच्या जागी ती ब्लेडने खरवडावी लागे. ती खरवडताना जीव हळहळायचा. नंबरप्लेटची चित्रं वाटीत कोमट पाण्यात सोडायची, ती कागदावरून सुटू लागली की ओल्या कुंचल्याने सरकवून जागेवर न्यायची. हे काम काकूंचं. त्यांच्या रांगोळीत ठिपका कधी चुकला नव्हता, इथेही चुकला नाही.

असं करता करता घरात कोणाची कोणती गाडी हे सांगता येईनासं झालं. आणली मामांनी, धुतली आजीने, कापली दादाने, घासली ताईने, तारा आईच्या, नंबर काकूंचा. शोकेस बघून पाहुण्याने विचारलं, "कोणी केली हो?" तर सगळे एकमेकांकडे बघायचे.

सगळ्यांत लाडकी होती ती एअरफिक्सची हेरल्ड. हातात मावेल एवढीच, पण ती आमची होती. मस्टँग झाली, बेंटली झाली, या गाड्या आम्ही सिनेमात बघायच्या. ट्रायम्फ हेरल्ड मात्र मद्रासला बनून स्टँडर्ड या नावाने आमच्या गल्लीत येत होती. गल्लीतल्या डॉक्टरांकडे होती. तिचं अख्खं तोंड, बॉनेट आणि मडगार्डं मिळून, पुढच्या बाजूला उलटं उघडायचं. डॉक्टर गाडी तपासू लागले की चाळीतली निम्मी मुलं तिथे. मामांनी तो संच आणला तेव्हा रंगाची चर्चाच झाली नाही. डॉक्टरांची फिकट पिवळी, म्हणून आमची फिकट पिवळी. झाल्यावर ती त्यांना दाखवायला नेली. त्यांनी भिंगातून पाहिली, पेशंट ताटकळत ठेवून पाहिली, आणि म्हणाले, "मागचा बंपर चेपलेला दाखवायला हवा होतात." दुसऱ्या दिवशी मेणबत्तीवर ऊब देऊन तो चेपवला.

डेट्रॉइटच्या गाड्यांनी वेगळंच शिकवलं. त्यांना इंजिन असे. बॉनेट उचललं की खाली आठ सिलिंडरांचं धूड, वर कार्बोरेटर, पुढे पंखा, मागे गिअरबॉक्स, तिथून मागच्या आसाला जाणारा दांडा. कागदावरचे आकडे जुळवून भाग बसत, पण तो दांडा का, ती नळी कुठे जाते, हे कागद सांगत नसे. ते सांगायला तळमजल्यावरचे टॅक्सीवाले काका होते. रात्रपाळी करून आले की चहा होईपर्यंत ते फियाटचं बॉनेट उघडत, आणि आम्ही आमचं एवढंसं इंजिन त्यांच्या इंजिनाशेजारी धरून उभे. कुर्ल्याच्या कारखान्यातली चार सिलिंडरांची फियाट आणि अमेरिकेची आठ सिलिंडरांची मोटार, पण ताकद मागच्या चाकांकडे जायची वाट तीच. गाडीखाली पोतं अंथरून त्यांनी तो दांडा आम्हाला दाखवला आहे. आमच्यातले दोघं पुढे व्हीजेटीआयला गेले, एकाने बेस्टच्या आगारात नोकरी केली. बाकीच्यांनी कुठेही नोकरी केली तरी बंद पडलेला पंखा आधी उघडून बघायची खोड सगळ्यांची कायम राहिली.

डेट्रॉइटच्या काकांनी एका खेपेला पीटरबिल्ट आणला. लांब नाकाचा ट्रक, आणि टपाच्या मागे आकाशाकडे गेलेली झिलईची धुराडी. तो जोडून झाला तेव्हा अण्णा म्हणाले, "सुंदर आहे. पण आपला ट्रक कुठाय?" प्रश्न बरोबर होता. जमशेदपूरला टाटांनी १९५४ साली मर्सिडीज-बेंझच्या साहाय्याने ट्रक करायला घेतले, १९६९ साली तो करार संपला, नाकावरचा तारा गेला आणि टाटांचं अक्षर आलं, तरी चाळीत त्याला मर्सिडीजच म्हणत. नाशिकचा कांदा त्यातून, पुण्याचा भाजीपाला त्यातून, खंडाळ्याच्या घाटात आमच्या एसटीपुढे गुरगुरत जाणारा तोच. आणि जगातल्या कोणत्याही खोक्यात तो मिळत नव्हता.

तेव्हा ट्रंक उघडली गेली. आजीचे दिवस आले.

चोविसाव्या हिश्श्यात एक सोय आहे: फूट म्हणजे अर्धा इंच. वीस फुटांचा ट्रक दहा इंचांचा. हिशेब फूटपट्टीवर मावतो. ताईच्या शिवणाची टेप घेऊन दादा आणि चुलतभाऊ पहाटे भायखळ्याच्या भाजीबाजारात गेले आणि उभ्या ट्रकची मापं घेऊ लागले. क्लीनरला आधी वाटलं ऑक्ट्रॉयची माणसं. काय चाललंय ते कळल्यावर त्याने टेपचं दुसरं टोक धरलं आणि ड्रायव्हरला उठवून केबिनची मापंही घ्यायला लावली.

मग तो ट्रक झाला. केबिन जुन्या साबणदाण्यांच्या आणि तुटक्या रेडिओच्या प्लॅस्टिकची, बॉनेटचा गोलावा ऊब देऊन बाटलीवर वाकवलेला. काचा कॅसेटच्या डबीच्या. चॅसीस फूटपट्टीची. सायलेन्सर रिफिलचा. टायर स्लिपरच्या चकत्यांचे; इंजेक्शनची बुचं मापात बसली नाहीत, ती डिझेलच्या टाकीची झाकणं झाली. हौदा आइस्क्रीमच्या काड्यांचा, आणि फळ्यांवर वेलबुट्टी काकूंची. ताडपत्री आजोबांच्या छत्रीच्या कापडाची. मागे पिवळ्या रंगात हॉर्न ओके प्लीज, पुढे ताईने पिवळा मणी आणि हिरव्या मण्यांची लिंबू-मिरची ओवून बांधली. बंपरखाली बाहुलीच्या बुटाची चप्पल. पीटरबिल्टच्या शेजारी तो उभा केला तेव्हा त्याची झिलई कमी होती हे खरं, पण पाहुणे आधी त्याच्याकडे वळत. दर दिवाळीला तो किल्ल्याच्या पायथ्याशी उभा राही, मावळ्यांच्या रांगेपासून जरा अंतर ठेवून. एका गणपतीत आम्ही बोरघाटाचा देखावा केला आणि वळणावर तो लावला. प्रसाद घ्यायला आलेले लोक आधी वाकून ट्रकखाली बघत.

पुढे घरं पांगली. बोरिवली, डोंबिवली, पुणे, डेट्रॉइटच्या काकांची मुलं तिकडेच. १९८१ साली एअरफिक्स बुडाली, पुढच्या वर्षी मॅचबॉक्सवाली लेस्नी बुडाली. मामांनी पत्रात ही बातमी घरातल्या आजारपणासारखी कळवली होती. पण त्या धंद्यातली मंडळी आमच्या आजीच्या वळणाची असली पाहिजेत. कंपन्या विकल्या गेल्या, नावं फिरली, तरी पोलादी साचे जपले गेले. एअरफिक्स पुन्हा उभी राहिली, एएमटीचा पीटरबिल्ट जुन्याच साच्यातून पुन्हा निघतो.

चाळ पाडायची ठरली तेव्हा शोकेस उतरवली. काही गाड्यांची चाकं टायरमध्ये रुतून वितळल्यासारखी झाली होती. टायर मऊ राहावा म्हणून त्यात जो पदार्थ घालतात तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो आणि चाकाचं प्लॅस्टिक खातो. मुंबईचा दमट उकाडा त्याला मदत करतो. ज्यांच्याकडे अशा गाड्या असतील त्यांनी आजच टायर काढून बघावेत, चाकाला रंगाचा हात द्यावा किंवा मध्ये चांदीच्या कागदाची पट्टी घालावी. गाडीचं वजन टायरवर न ठेवता खाली लाकडाचा ठोकळा द्यावा. उन्हात ठेवू नये, काचा पिवळ्या पडतात. आमच्या स्लिपरच्या टायरांना काही झालं नव्हतं.

आता आम्ही गाड्या जमवतोही. सेंटी कंपनीची मागे ओढून सोडायची अँबॅसडर, रिक्षा, ट्रक. नातवंडांच्या नावाने घेतो आणि वरच्या फळीवर ठेवतो. न उघडलेले खोके जपणारे लोक आहेत, त्यांच्या सबुरीला आमचा नमस्कार, पण आमच्या घरात खोका संध्याकाळपर्यंत टिकला नसता. जोडण्यासाठी केलेली वस्तू जोडलीच पाहिजे असं आमचं ठाम मत आहे.

आणि जोडणारी पिढी उभी राहते आहे. राज्यभर गावोगावची मुलं सनबोर्ड कापून एसटीच्या गाड्या करतात, खिडक्यांच्या गजांसकट, टपावरच्या कॅरिअरसकट, मागच्या शिडीसकट, दापोडीच्या कार्यशाळेतून आल्यासारख्या. आमच्या पुतणीने मे महिन्यात लाल-पिवळी गाडी करायला घेतली. सगळं घर पुन्हा एका टेबलाभोवती बसलं. सीटांचं रेक्झिन जुन्या पाकिटाचं, आरसे चांदीच्या कागदाचे, घंटेची दोरी ओढून काढलेल्या तारेची. राहिली होती फक्त पाटी. आईचं माहेर राजापूरचं, काकूंचं मालवणचं, आणि गाडी मुंबईहून कुठे जाणार यावर दोघींचं एकमत होईना. पुतणीने शेवटी दोन पाट्या केल्या, पुढे सरकवून बदलता येतील अशा. हल्ली आई उठली की गाडी राजापूरला जाते आणि काकू पूजा आटोपून आल्या की मालवणला.